शून्य कोट्याचा कायदा

२ डिसेंबर १९४६ रोजी वॉशिंग्टन येथे पंधरा राष्ट्रांनी देवमाशांच्या शिकारीचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारावर सह्या केल्या. त्या कराराच्या प्रास्ताविकात दोन उद्दिष्टे एकमेकांना जोडून लिहिली गेली: देवमाशांच्या साठ्यांचे योग्य जतन व्हावे, आणि त्या जतनामुळे शिकारीच्या उद्योगाचा सुव्यवस्थित विकास शक्य व्हावा. जतन हे साधन आणि उद्योग हे साध्य, असा हा क्रम होता व त्या काळी त्यात कोणाला फारसे वावगे वाटले नाही, कारण करार घडवणारी प्रमुख राष्ट्रे स्वतःच शिकार करणारी होती आणि देवमासे संपले तर तेलाच्या धंद्याचे काय होईल, हीच त्यांची खरी चिंता होती. आज देवमाशांना जे आंतरराष्ट्रीय संरक्षण मिळते त्याचा मुख्य आधार मात्र हाच करार आहे. शिकाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी बांधलेल्या या घरात पुढे संरक्षणवादी राहायला आले, त्यांनी भिंती तशाच ठेवून आतली मांडणी बदलली, आणि गेल्या चाळीस वर्षांतील बहुतेक वाद या विसंगतीतून निर्माण झाले.

करार करण्याची वेळ का आली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. शिडाच्या जहाजांच्या काळात शिकाऱ्यांच्या हाती लागत ते प्रामुख्याने संथ पोहणारे आणि मेल्यावर पाण्यावर तरंगणारे राइट, बोहेड आणि स्पर्म जातींचे देवमासे. निळा देवमासा किंवा त्याच्या खालोखाल मोठा असलेला फिन देवमासा हे वेगवान प्राणी असून मेल्यावर बुडतात, त्यामुळे ते दीर्घकाळ बचावले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वेन फोयन या नॉर्वेजियन उद्योजकाने वाफेच्या बोटीवर बसवलेली, स्फोटक भाला फेकणारी तोफ प्रचारात आणली आणि मेलेल्या जनावरात हवा भरून त्याला तरंगत ठेवण्याचे तंत्रही रुळले. १९२५ पासून मागच्या बाजूने उतार असलेली कारखाना-जहाजे अंटार्क्टिकच्या समुद्रात जाऊ लागली, तेव्हा अख्खा देवमासा डेकवर ओढून घेऊन तिथेच त्याचे तेल काढणे शक्य झाले आणि किनाऱ्यावरील कारखान्याची, पर्यायाने कोणत्याही देशाच्या परवान्याची, गरज उरली नाही. साबण आणि मार्गारिन यांसाठी या तेलाला युरोपात मोठी मागणी होती. १९३०-३१ च्या एकाच हंगामात अंटार्क्टिकमध्ये २९ हजारांहून अधिक निळे देवमासे मारले गेले.

१९३१ मध्ये जिनिव्हा येथे झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कराराने राइट देवमाशांची शिकार मना केली, तसेच पिल्ले आणि पिल्लू सोबत असलेल्या माद्या मारण्यास बंदी घातली. परंतु जपान आणि सोव्हिएत रशिया त्यात सामील झाले नाहीत आणि एकूण किती प्राणी मारायचे यावर त्यात कोणतीही मर्यादा नव्हती. ती मर्यादा दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस प्रथम ठरवण्यात आली व १९४६ च्या करारात कायम झाली. मात्र ती ज्या पद्धतीने मोजली गेली त्या पद्धतीनेच पुढची हानी केली.

या पद्धतीत ‘निळा देवमासा एकक’ हे माप वापरले जाई. एक निळा देवमासा म्हणजे दोन फिन, किंवा अडीच हंपबॅक, किंवा सहा सेई देवमासे, असा हिशेब होता आणि तो प्रत्येक जातीपासून मिळणाऱ्या तेलाच्या प्रमाणावरून बसवलेला होता. अंटार्क्टिकसाठी सुरुवातीला वर्षाला १६,००० एककांचा कोटा ठरला. हा कोटा देशांमध्ये वाटून दिलेला नव्हता. सर्व जहाजांनी मिळून तो पुरा करायचा, आठवड्याच्या आठवड्याला नॉर्वेतील सँडेफ्योर्ड येथील आकडेवारी कार्यालयाला आपली मोजणी कळवायची आणि कोटा संपत आल्याचा निरोप आला की हंगाम बंद करायचा, अशी व्यवस्था होती. साहजिकच प्रत्येक कंपनीने अधिक वेगवान आणि अधिक संख्येने बोटी उतरवल्या व हंगाम वर्षागणिक आखूड होत गेला. त्याहून गंभीर दोष मापातच होता. निळा देवमासा दुर्मीळ झाला तरी कोटा फिन देवमाशांनी भरता येत होता, आणि फिनची शिकार चालू असताना वाटेत एखादा निळा दिसला तर त्याला सोडून देण्याचे काहीच कारण नव्हते, कारण एका शिकारीत पूर्ण एक एकक पदरात पडत होते. कोणती जात किती उरली आहे हे या बेरजेत दिसतच नव्हते. एकूण आकडा भरत होता तोवर धंदा सुरळीत चालला आहे असेच कागदावर दिसे. सरकारी गणिताने निसर्गाचा इतका घात क्वचितच केला असेल. अंटार्क्टिकमध्ये मुळात दोन लाखांच्या वर असावेत असे मानले जाणारे निळे देवमासे साठच्या दशकाच्या अखेरीस काही शेकड्यांवर आले. हंपबॅकना १९६३ मध्ये आणि निळ्यांना त्यानंतर थोड्याच काळात दक्षिण गोलार्धात पूर्ण संरक्षण मिळाले, पण हे एकक रद्द होऊन जातवार कोटे लागू व्हायला १९७२ साल उजाडले.

आता कराराची रचना पाहू. मूळ कराराला एक परिशिष्ट जोडलेले आहे आणि कायद्याच्या दृष्टीने ते कराराचाच भाग मानले जाते. कोणत्या जातीचे, कोणत्या समुद्रात, कोणत्या काळात, किती देवमासे मारता येतील हे या परिशिष्टात नमूद असते व ते बदलण्याचा अधिकार करारानेच निर्माण केलेल्या आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाकडे आहे. आयोगात प्रत्येक सदस्य देशाला एक मत असते आणि बदलासाठी मतदानात भाग घेणाऱ्यांचे तीन चतुर्थांश बहुमत लागते. मात्र बदल ज्या देशाला मान्य नसेल त्याने नव्वद दिवसांत आक्षेप नोंदवला तर तो बदल त्या देशाला बंधनकारक ठरत नाही. सार्वभौम राष्ट्रे बहुमताने बांधली जायला सहसा तयार नसतात, म्हणून ही पळवाट मुद्दाम ठेवली गेली. ती नसती तर अनेक शिकारी देशांनी सहीच केली नसती. दुसरी वाट आठव्या कलमातून जाते. त्यानुसार कोणताही सदस्य देश आपल्या नागरिकांना शास्त्रीय संशोधनासाठी देवमासे मारण्याचा विशेष परवाना देऊ शकतो, आणि अशा प्रकारे मारलेल्या प्राण्यांवर शक्य तेवढी प्रक्रिया करून त्यांचा उपयोग करावा, असेही तेच कलम सांगते. तिसरी वाट सरळ बाहेर पडण्याची: १ जानेवारीपर्यंत सूचना दिली की त्याच वर्षीच्या ३० जूनला सदस्यत्व संपते.

नियम मोडणाऱ्याला शिक्षा कोण करणार, या प्रश्नाचे कराराने दिलेले उत्तर असे की ज्या देशाच्या ध्वजाखाली ते जहाज चालते तो देश. जहाजावर नेमलेले निरीक्षकही त्याच देशाचे असत. याचा परिणाम काय झाला, हे जगाला कळायला बरीच वर्षे लागली. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर, १९९३ मध्ये, अलेक्सी याब्लोकोव या रशियन शास्त्रज्ञाने जाहीर केले की सोव्हिएत ताफ्यांनी आयोगाला अनेक दशके खोटे आकडे कळवले होते. त्यानंतर उजेडात आलेल्या कागदपत्रांवरून दिसते की दक्षिण गोलार्धात त्यांनी ४८ हजारांहून अधिक हंपबॅक मारले होते आणि कळवले होते सुमारे २,७०० फक्त. याच ताफ्यांपैकी काही जहाजांनी नोव्हेंबर १९६६ मध्ये ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांसमोर सुमारे २४० हंपबॅक टिपले. या शिकारीचा संदर्भ पुढे पुन्हा येणार आहे. दुसऱ्या देशांचे निरीक्षक जहाजांवर ठेवण्याची योजना १९७२ मध्ये अमलात आली, तोपर्यंत मारण्यासारखे फार थोडे उरले होते.

१९७२ हे वर्ष दुसऱ्या कारणासाठीही महत्त्वाचे आहे. त्या वर्षी जूनमध्ये स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणावरील संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली आणि तिने व्यापारी व्हेलिंग, म्हणजे विक्रीसाठी केली जाणारी देवमाशांची शिकार, दहा वर्षे थांबवावी अशी शिफारस केली. आयोगाने ती मानली नाही. मात्र आयोगाचे सदस्यत्व कोणत्याही देशाला खुले होते. त्यासाठी शिकारीची बोट असण्याचीच काय, समुद्रकिनारा असण्याचीही अट नव्हती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आणि ऐंशीच्या सुरुवातीस अनेक नवे देश सामील झाले, भारत त्यांच्यापैकीच एक असून तो १९८१ मध्ये सदस्य झाला. १९७९ मध्ये सेशेल्स या छोट्या द्वीपराष्ट्राच्या पुढाकाराने संपूर्ण हिंदी महासागर, दक्षिणेस ५५ अंश अक्षांशापर्यंत, व्यापारी शिकारीपासून अभय क्षेत्र म्हणून जाहीर झाला. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर त्यात येतात. (१९९४ मध्ये अंटार्क्टिकभोवतीचा समुद्रही असाच जाहीर झाला.) सदस्य भरती एका बाजूनेच झाली असे समजण्याचे कारण नाही. पुढे कॅरिबियन आणि पश्चिम आफ्रिकेतील अनेक देश आयोगात आले आणि बहुतेक वेळा जपानच्या बाजूने मत देऊ लागले, त्यामागे जपानची आर्थिक मदत असल्याचा आरोप झाला व जपानने तो नाकारला. दोन्ही गटांनी मतांची जमवाजमव केली, हे मान्य केलेले बरे.

२३ जुलै १९८२ रोजी ब्रायटन येथील बैठकीत २५ विरुद्ध ७ मतांनी, पाच देश तटस्थ असताना, व्यापारी शिकारीला स्थगिती देणारा ठराव संमत झाला. तो परिशिष्टात दहाव्या परिच्छेदाचा उपभाग म्हणून बसवला गेला आहे आणि त्याची भाषा बारकाईने पाहण्यासारखी आहे. व्यापारी शिकार निषिद्ध आहे किंवा देवमाशांना जगण्याचा हक्क आहे, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. १९८५-८६ च्या हंगामापासून सर्व साठ्यांसाठी पकडीची मर्यादा शून्य राहील, ही तरतूद सर्वोत्तम शास्त्रीय सल्ल्याच्या आधारे तपासली जात राहील, आणि उशिरात उशिरा १९९० पर्यंत साठ्यांचा सर्वंकष आढावा घेऊन शून्याऐवजी दुसरी मर्यादा ठेवावी की कसे याचा विचार होईल, एवढेच तो परिच्छेद सांगतो. म्हणजे कायद्याच्या भाषेत ती बंदी नाही, तो एक कोटा आहे, आणि त्याचा आकडा शून्य आहे.

आढाव्याचे काम शास्त्रज्ञांनी केलेही. आयोगाच्या वैज्ञानिक समितीने साठ्याला धक्का न लावता किती प्राणी काढता येतील हे ठरवणारी नवी गणितपद्धत तयार केली आणि १९९४ मध्ये आयोगाने ती तत्त्वतः स्वीकारली. परंतु देखरेख, निरीक्षण आणि खर्च कोणी करायचा यांबाबत एकमत न झाल्याने ती कधीच लागू झाली नाही, व शून्य तसेच राहिले. इथे तीन चतुर्थांशाच्या अटीने आपली बाजू बदलली. १९८२ पूर्वी हीच अट संरक्षणवाद्यांना अडवत होती. त्यानंतर शून्य हटवायचे असेल तर तेवढेच बहुमत शिकारी देशांना जमवावे लागते आणि ते त्यांना कधीच जमलेले नाही. २००६ मध्ये सेंट किट्स येथे स्थगिती आता अनावश्यक असल्याचा ठराव एका मताने, ३३ विरुद्ध ३२ असा, संमत झाला, पण साध्या बहुमताचा ठराव परिशिष्टाला हात लावू शकत नाही. उलट २०१८ मध्ये ब्राझीलमधील फ्लोरियानोपोलिस येथे व्यापारी शिकारीची आता गरज उरलेली नाही असे जाहीर करणारा ठराव संमत झाला, तोही तितकाच अबंधनकारक. दक्षिण अटलांटिकमध्ये अभय क्षेत्र निर्माण करण्याचा प्रस्ताव वीस वर्षांहून अधिक काळ याच अटीपुढे अडखळतो आहे. लिमा येथील २०२४ च्या बैठकीत तो अगदी थोडक्यात हुकला. देवमाशांचे आजचे संरक्षण बऱ्याच अंशी या कोंडीचे फळ आहे, आणि कोंडी हा काही फार भरवशाचा रक्षक नव्हे.

नॉर्वेने नव्वद दिवसांच्या आत आक्षेप नोंदवला होता व तो मागे घेतला नाही, त्यामुळे १९९३ पासून त्या देशाने मिंके या लहान जातीच्या देवमाशांची व्यापारी शिकार पुन्हा सुरू केली आहे आणि कायद्याने त्याला कोणी अडवू शकत नाही. आइसलँडने आक्षेप नोंदवलाच नव्हता. तो १९९२ मध्ये बाहेर पडला आणि दहा वर्षांनी स्थगिती आपल्याला लागू नाही अशी अट घालून परत आत आला. या युक्तीवर तेव्हा बरीच टीका झाली, पण ती चालून गेली. जपाननेही सुरुवातीला आक्षेप घेतला होता, मात्र अमेरिकेने आपल्या सागरी क्षेत्रातील मासेमारीचे हक्क काढून घेण्याचा इशारा दिल्यावर तो मागे घेतला, आणि १९८७ मध्ये आठव्या कलमाचा आधार घेऊन अंटार्क्टिकमध्ये ‘संशोधनासाठी’ शिकार सुरू केली.

या शिकारीची कायदेशीर तपासणी द हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात झाली. देवमाशांच्या बाबतीत एवढ्या उच्च पातळीवर दिलेला हा एकमेव मोठा निवाडा असल्याने त्याच्याकडे जरा निरखून पाहणे योग्य ठरेल. ३१ मे २०१० रोजी ऑस्ट्रेलियाने दावा दाखल केला व पुढे न्यूझीलंडने त्यात हस्तक्षेपकर्ता म्हणून भाग घेतला. वादाचा विषय होता २००५ मध्ये सुरू झालेला जपानचा दुसरा अंटार्क्टिक कार्यक्रम. त्यात दरवर्षी सुमारे ८५० मिंके, ५० फिन आणि ५० हंपबॅक मारण्याचे योजले होते. जपानचे म्हणणे असे की परवाना द्यावा की नाही हे ठरवण्याचा अधिकार आठवे कलम संबंधित देशालाच देते, तेव्हा बाहेरच्या न्यायालयाने विज्ञानाची परीक्षा घेऊ नये. न्यायालयाने वाद दोन प्रश्नांत विभागला. कार्यक्रमात काही शास्त्रीय संशोधन आहे का, हा पहिला प्रश्न. आणि प्राणी मारले जातात ते त्या संशोधनासाठीच का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर स्थूलमानाने होकारार्थी देऊन न्यायालयाने सारा भर दुसऱ्यावर दिला, आणि त्यासाठी अधिकाऱ्यांच्या मनात काय होते हे शोधण्याऐवजी कार्यक्रमाची आखणी व अंमलबजावणी त्याच्या जाहीर उद्दिष्टांशी सुसंगत आहे की नाही, हा वस्तुनिष्ठ निकष लावला.

या निकषावर जपानची बाजू टिकली नाही. फिन देवमाशांचा नमुना इतकाच का, हे जपानच्या बाजूने आलेले नॉर्वेचे तज्ज्ञ लार्स वाल्यो यांनाही पटवून देता आले नाही. प्रत्यक्षात मारले गेलेल्यांची संख्या ठरवलेल्या नमुन्यांपेक्षा कितीतरी कमी होती: सगळ्या हंगामांत मिळून १८ फिन आणि हंपबॅक एकही नाही. तरीही नमुने अपुरे पडले म्हणून संशोधनाची उद्दिष्टे किंवा पद्धत बदलल्याचे कुठे दिसत नव्हते, आणि नमुने खरोखर अत्यावश्यक असते तर असे झाले नसते. प्राणी न मारता माहिती मिळवण्याच्या पद्धतींचा जपानने गांभीर्याने विचार केला नव्हता. सुमारे ३,६०० मिंके मारून झाल्यावर या कार्यक्रमाच्या माहितीवर आधारलेले आणि तज्ज्ञांनी तपासलेले दोनच शोधनिबंध दाखवता आले. मांस विकले गेले एवढ्यावरून मात्र न्यायालयाने कार्यक्रम बेकायदा ठरवला नाही, कारण प्रक्रिया करण्याची परवानगी कलमातच आहे. हा तपशील निकालाच्या उत्साही वर्णनांत हटकून गळतो. ३१ मार्च २०१४ रोजी १२ विरुद्ध ४ मतांनी दिलेल्या निकालाने परवाने रद्द करण्याचा आदेश दिला. बहुमतातील न्यायाधीशांमध्ये भारताचे दलवीर भंडारी होते. ते पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, आणि या खटल्यात त्यांनी स्वतंत्र मतपत्रही जोडले.

जपानने निकाल पाळला आणि एका हंगामापुरती अंटार्क्टिकमधील शिकार थांबवली. ऑक्टोबर २०१५ मध्ये मात्र त्याने, समुद्रातील सजीव संपत्तीविषयीच्या वादांत आपण या न्यायालयाचे सक्तीचे अधिकारक्षेत्र मानणार नाही असे निवेदन दिले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस वर्षाला ३३३ मिंके मारण्याचा नवा कार्यक्रम सुरू केला. दुसरा फटका वेगळ्याच दिशेने बसला. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या १९७३ च्या ‘सायटिस’ करारात मोठे देवमासे पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक सूचीत आहेत. त्या करारानुसार कोणत्याही देशाच्या हद्दीत नसलेल्या खुल्या समुद्रातून आणलेला प्राणी बंदरात उतरवणे हाही नियंत्रणाखालील व्यवहार ठरतो. जपानने काही जातींबाबत या सूचीवर हरकत राखून ठेवली होती. उत्तर पॅसिफिकमधील सेई देवमासा मात्र त्या हरकतीत येत नव्हता, म्हणून ऑक्टोबर २०१८ मध्ये सायटिसच्या स्थायी समितीने त्याचे मांस विक्रीसाठी आणणे हा करारभंग असल्याचे ठरवले. त्याच वर्षी २६ डिसेंबरला जपानने व्हेलिंग आयोग सोडत असल्याची घोषणा केली. १ जुलै २०१९ पासून तो आपल्या किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या क्षेत्रात उघडपणे व्यापारी शिकार करतो. अंटार्क्टिकमधील शिकार मात्र त्याने सोडून दिली आहे. पराभव कोणाचा झाला हे सांगणे कठीण आहे: आयोगाने एक जुना सदस्य गमावला आणि दक्षिणेकडील समुद्र मोकळा झाला.

आयोगाबाहेर पडलेल्या देशावर कोणते बंधन उरते, याचे उत्तर १९८२ च्या समुद्र कायद्याच्या कराराच्या ६५ व्या कलमात शोधावे लागते. सागरी सस्तन प्राण्यांच्या जतनासाठी राष्ट्रांनी सहकार्य करावे आणि देवमाशांच्या बाबतीत ‘योग्य आंतरराष्ट्रीय संघटनां’च्या मार्फत काम करावे, असे ते सांगते. कलमात संघटना हा शब्द अनेकवचनी आहे व तेवढ्यावरून व्हेलिंग आयोगाचे सदस्य असणे सक्तीचे नाही असा युक्तिवाद करता येतो; बहुतेक कायदेपंडितांच्या मते आयोग हीच ती मुख्य संघटना आहे. नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंड आणि फेरो बेटे यांनी १९९२ मध्ये स्वतःची वेगळी संघटना काढली ती याच शब्दाच्या आश्रयाने.

स्थगितीच्या चौकटीत राहूनही एका प्रकारच्या शिकारीला आयोग मान्यता देतो. अलास्कातील इन्युपियाट, रशियातील चुकोत्का, ग्रीनलंड आणि कॅरिबियनमधील बेक्विया बेट येथील समाजांना उदरनिर्वाह आणि परंपरा यांसाठी ठरावीक संख्येत देवमासे मारता येतात. १९७७ मध्ये आयोगाने बोहेडची शिकार अचानक पूर्ण थांबवली, तेव्हा अलास्कातील शिकाऱ्यांनी स्वतःचे मंडळ स्थापन करून, साठ्याचा अंदाज फारच कमी आहे असे सांगितले आणि पुढे पाण्याखालील आवाज ध्वनिमुद्रित करून केलेल्या नव्या मोजणीने त्यांचे म्हणणे खरे ठरवले. त्याआधीच, १९७८ साठी, छोटा कोटा परत देण्यात आला होता.

भारतात देवमाशांना संरक्षण देतो तो १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. देवमासे आणि डॉल्फिन त्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, व मृत प्राण्याचे अवयव जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. महाराष्ट्रातील वर्तमानपत्रांत ‘देवमाशाची उलटी’ या नावाने ज्याच्या तस्करीच्या बातम्या वारंवार येतात तो अंबरग्रीस नावाचा पदार्थ, अत्तराच्या धंद्यात मोल असलेला, स्पर्म देवमाशाच्या आतड्यात तयार होतो. सायटिसच्या दृष्टीने तो शरीराबाहेर टाकलेला नैसर्गिक पदार्थ असल्याने त्याच्या व्यापारावर त्या कराराचे बंधन नाही. भारतीय कायदा मात्र तो बाळगणाऱ्याला थेट तुरुंगात पाठवू शकतो. आंतरराष्ट्रीय कायद्यापेक्षा देशी कायदा कडक असण्याचे हे एक उदाहरण.

पश्चिम किनाऱ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळा आहे. अरबी समुद्रातील हंपबॅक हे जगातील इतर हंपबॅकप्रमाणे ध्रुवाकडे स्थलांतर करत नाहीत. ते बारा महिने याच समुद्रात राहतात आणि जनुकीय अभ्यासावरून ते सुमारे ७०,००० वर्षे इतरांपासून अलग राहिले असावेत असे दिसते. १९६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी मारले ते यांच्यापैकीच. ओमानच्या किनाऱ्यावरील अभ्यासातून त्यांची संख्या शंभराच्या आतच असल्याचा अंदाज निघाला. ‘लुबान’ असे नाव ठेवलेली, उपग्रह-खूण लावलेली एक मादी २०१७-१८ च्या हिवाळ्यात ओमानहून समुद्र ओलांडून भारताच्या नैऋत्य किनाऱ्याला येऊन परत गेली, तेव्हा दोन्ही किनाऱ्यांवरील प्राणी एकाच समूहाचे असल्याचा भक्कम पुरावा मिळाला. २०१७ मध्येच स्थलांतरित प्राण्यांच्या संरक्षणासाठी असलेल्या बॉन कराराच्या सदस्यांनी, ज्यांत भारतही आहे, या समूहासाठी संयुक्त कृती कार्यक्रम मान्य केला.

या प्राण्यांना आज कोणी भाल्याने मारत नाही. त्यांना धोका आहे तो गिल नेटमध्ये अडकण्याचा आणि मालवाहू जहाजांच्या धडकेचा, आणि १९४६ चा करार या दोन्हींविषयी गप्प आहे, कारण त्याच्या कर्त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त शिकारी होते. आयोगाने अलीकडे जाळ्यांत अडकलेल्या देवमाशांच्या सुटकेचे प्रशिक्षण सुरू केले आहे, पण जाळ्यांवर किंवा जहाजांवर हुकूम चालवण्याचा अधिकार त्याला नाही. जहाजांचे मार्ग बदलण्याचा अधिकार आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे आहे व तिने तो वापरलेलाही आहे: २००३ मध्ये कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील फंडीच्या उपसागरात राइट देवमाशांचा वावर टाळण्यासाठी जहाजांची वाट सरकवण्यात आली. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाशी, जिथे निळे देवमासे आणि जगातील एक अत्यंत गजबजलेला जलमार्ग एकाच पाण्यात येतात, तिथे अधिकृत मार्ग बदललेला नसताना २०२२ मध्ये एका मोठ्या जहाज कंपनीने आपली जहाजे स्वेच्छेने आणखी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली.

महाराष्ट्रात जाळ्याच्या प्रश्नावर डिसेंबर २०१८ पासून एक साधा उपाय चालू आहे. जाळ्यात संरक्षित सागरी प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले तर मत्स्यव्यवसाय विभाग आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष त्याला फाटलेल्या जाळ्यापोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतात. पुराव्यादाखल सुटकेची छायाचित्रे दाखवावी लागतात. आतापर्यंत या योजनेचा लाभ मुख्यतः कासवे, डॉल्फिन आणि देवमुशी या मोठ्या शार्क माशाला झाला आहे. पूर्ण वाढलेला देवमासा जाळ्यात सापडला तर जाळ्याबरोबर होडीलाही धोका असतो, आणि अशा वेळी काय करावे, कोणाला कळवावे, याचे प्रशिक्षण मच्छीमारांपर्यंत पोहोचवणे हे या समुद्रातील हंपबॅकच्या दृष्टीने द हेगमधील पुढच्या निकालापेक्षा अधिक तातडीचे काम आहे. जहाजांच्या मार्गाबाबतही तसेच. मार्ग बदलण्याचा प्रस्ताव किनाऱ्यावरील देशाला मांडावा लागतो, आणि त्यासोबत देवमासे नेमके कुठे, कोणत्या महिन्यांत, किती संख्येने असतात याचे नकाशे जोडावे लागतात. भारताच्या किनाऱ्यासाठी अशी माहिती गोळा करणे ही आता पहिली पायरी आहे.